पंचाहत्तर पानांचं पार्सल आणि टॅब्लेटवरचं वीस टक्क्यांचं बटण

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. न्यू जर्सीतल्या एका लहानशा मराठी मंडळाच्या खजिनदार बाईंनी गणपतीच्या जेवणासाठी जवळच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये ७५ पानांची ऑर्डर दिली. बटाटेवडे, पुरी-भाजी, मसालेभात, कढी, कोशिंबीर, श्रीखंड. कर सोडून बिल ११४० डॉलर. पैसे भरायला गेल्या तर काउंटरवरच्या मुलीने टॅब्लेट त्यांच्याकडे वळवला. त्यावर तीन ठळक चौकोन होते, १८, २० आणि २२ टक्क्यांचे. ‘टिप उचलायच्या दिवशी देते’ असं सांगून बाईंनी वेळ मारून नेली. घरी यजमान म्हणाले, गाडी आपली, उचलणार आपण, वाढणार आपण, मग टिप कसली? कमिटीतले एक काका म्हणाले, अमेरिकेत राहायचं तर वीस टक्के द्यावेच लागतात, नाहीतर आपल्या लोकांचं नाव खराब होतं. आणि पैसे वर्गणीचे, म्हणजे खर्चाचा हिशेब बाईंनाच द्यायचा. म्हणून त्यांनी मला विचारलं, टिप द्यायची का, आणि द्यायची तर किती?

मी याच राज्यात एकवीस वर्षं या धंद्यात आहे. पहिली चार वर्षं टेबलं सांभाळली, मग बरीच वर्षं पार्सलचा काउंटर, आणि आता मॅनेजर. त्यामुळे उत्तर काउंटरच्या आतल्या बाजूने देतो.

टिप द्या, पण वीस टक्के देऊ नका. तुमच्या जागी मी ८० ते १०० डॉलर दिले असते, रोख, उचलायच्या दिवशी, आणि ज्यांनी पार्सल बांधलं त्यांच्या हातात. त्याआधी दोन गोष्टी विचारून घेतल्या असत्या. त्या खाली येतीलच.

यजमान आणि काका दोघेही टेबलावरच्या टिपेचाच नियम पार्सलला लावतायत. एकाला तो लागू होत नाही असं वाटतं म्हणून शून्य, दुसऱ्याला पूर्ण लागू होतो असं वाटतं म्हणून वीस. तो नियम मुळात आला कुठून ते बघितलं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघतं.

टेबलावर टिप ही बक्षिसी नसते, तो पगाराचा तुकडा असतो. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. न्यू जर्सीत दर बरा आहे. २०२५ साली सर्वसाधारण किमान वेतन १५.४९ डॉलर आणि टिप मिळणाऱ्यांसाठी मालकाने द्यायची रोख रक्कम ५.६२ डॉलर. मधला जवळपास दहा डॉलरचा खड्डा टिपेतून भरायचा, आणि नाहीच भरला तर मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियात अशी सवलतच नाही, तिथे वाढप्यालाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या एखाद्या नातेवाइकाचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

गावाकडच्या हॉटेलात आपण बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवायचो ती खुशाली होती. दिली तर आनंद, नाही दिली तर पोऱ्या टेबल पुसून मोकळा. इथे टेबलावरचे पैसे बुडवले तर वाढप्याची मजुरी बुडते. टक्क्यांचा हिशेबही टेबलावर साधारण बसतो. बिल वाढलं म्हणजे माणसं जास्त बसली, जास्त वेळ बसली, चार वेळा पाणी भरलं, दोनदा पापड नेले.

पार्सलला हे गणित बसत नाही. तुम्ही मसालेभाताऐवजी मटण बिर्याणी घेतली असती तर बिल चारशे डॉलरने चढलं असतं, पण ट्रे तेवढेच आणि बांधणारे हातही तेवढेच. मग ऐंशी डॉलर जास्त टिप कशाची? काकांचं म्हणणं इथे कोसळतं.

यजमानांचं कुठे कोसळतं, त्यासाठी शनिवारी सकाळी साडेनऊला आमच्या मागच्या टेबलापाशी येऊन उभं राहायला हवं.

सहा फुटांचं स्टीलचं टेबल. त्यावर अॅल्युमिनियमचे ट्रे, काही पूर्ण, काही अर्धे. स्वयंपाकघरातून मसालेभात वाफाळत येतो, तो भरून वर झाकण बसवायचं. झाकण म्हणजे पुठ्ठा असलेला पत्रा किंवा नुसता पत्रा. ट्रेची कड चारी बाजूंनी अंगठ्याने दाबत त्यावर मुडपायची. ती कड ब्लेडसारखी असते. पार्सलवरच्या मुलांच्या अंगठ्यांना पट्ट्या दिसतात त्या याच्या. कढीचं दुखणं वेगळं. नुसतं झाकण लावलं तर पहिल्याच वळणावर तुमच्या गाडीच्या गालिच्यावर कढी. म्हणून आधी प्लास्टिकची फिल्म दोनदा ताणून, मग पत्रा, मग पुन्हा बाजूने फिल्म. वडे गरम गरम झाकून टाकले की वाफेने अर्ध्या तासात लगदा होतो, म्हणून खाली कागद, वरच्या झाकणाला चाकूने भोकं, आणि कडेला एक कोपरा उघडा. पुऱ्यांचंही तेच, शिवाय थरांमध्ये कागद, नाहीतर तीनशे पुऱ्यांची एक पुरी होते. श्रीखंड शेवटपर्यंत फ्रिजमध्ये आणि ते विसरायचं नाही. ते विसरलं की संध्याकाळी फोन येतो, आणि तो फोन मीच घेतो.

मग चटण्या. दोन औंसाच्या डब्या मागितल्या असतील तर ७५ हिरव्या, ७५ लाल, दीडशे झाकणं, एकेक दाबून. (मोठ्या डब्यात चटणी आणि दोन चमचे असं सांगा. तुमचंही काम होतं, आमचाही अर्धा तास वाचतो.) मार्करने प्रत्येक ट्रेवर नाव, ‘कांदा-लसूण नाही’ असेल तर त्यावर गोल, वाढायचे चमचे, प्लेटा, रुमाल, यादीवर टिकमार्क. शेवटी तुमच्या गाडीपर्यंत चार फेऱ्या.

तुमच्याएवढ्या ऑर्डरला आमच्याकडे दोन माणसांना दीड तास लागतो. थोडक्यात तीन माणूस-तास. आणि हा दीड तास नेमका शनिवारी दुपारच्या गर्दीच्या तोंडावर जातो. पार्सल बांधणारी मुलगी जर वाढपी असेल तर तेवढ्या वेळात तिची दोन-तीन टेबलं दुसऱ्याकडे जातात, त्यांच्या टिपेसकट. म्हणजे तुमच्या जेवणासाठी तिने ते टिपवाल्यांचं कमी रोख वेतन घेऊन बोटं कापून घेतली. शून्य टिप इथे अंगाशी येते, तुमच्या नाही, तिच्या.

आता ते दोन प्रश्न. पहिला, ‘पार्सल कोण बांधतं? वाढपी की काउंटरवरची माणसं?’ सरळ फोन करून विचारा. कुणी रागावत नाही, उलट मॅनेजरला बरं वाटतं. मोठ्या रेस्टॉरंटांत केटरिंगसाठी वेगळी माणसं असतात, त्यांना पूर्ण तासाचा पगार असतो. तिथे टिप खरोखरच खुशाली आहे, चाळीस-पन्नास डॉलर दिलेत तरी ते खूश. लहान ठिकाणी वाढपीच बांधतात, तिथे हात सैल सोडा.

दुसरा प्रश्न, ‘बिलात सर्व्हिस चार्ज धरलाय का?’ इथे जपून. मोठ्या ऑर्डरीवर पुष्कळ ठिकाणी १५-१८ टक्के आपोआप लागतात, आणि लोकांना वाटतं टिप झाली. कायद्याच्या आणि कर खात्याच्या नजरेत सक्तीने लावलेला चार्ज ही टिप नाहीच, ते रेस्टॉरंटचं उत्पन्न. त्यातलं मालकाने कामगारांना वाटलं तर तो त्यांचा पगार, नाही वाटलं तर नाही. मी सुरुवातीला जिथे काम करायचो तिथे केटरिंगच्या प्रत्येक बिलावर १८ टक्के लागायचे, आणि आम्हाला त्यातला एक सेंटही दिसायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं ‘तुमची टिप आतच आहे हं’ असं हसून सांगून जायचं आणि आम्ही ‘थँक यू’ म्हणायचो. मालक शेजारीच उभा असायचा, दुसरं काय म्हणणार?

म्हणून चार्ज असेल तर विचारा, ‘हा पार्सल बांधणाऱ्यांना जातो का?’ उत्तर स्पष्ट ‘हो’ आलं तर वर वीसची एक नोट पुरे. उत्तर गोल गोल आलं तर काय समजायचं ते समजा. ऑर्डर पक्की करण्याआधी चार्ज काढायला सांगता येतो, आणि वर्षातून तीन ऑर्डरी देणाऱ्या मंडळाला मालक बहुतेक वेळा नाही म्हणत नाही. स्वखुशीने दिलेल्या टिपेचा आणखी एक फायदा अलीकडे झालाय. २०२५ ते २०२८ या कर-वर्षांत कामगारांना २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपांवर केंद्रीय प्राप्तिकरात वजावट मिळते, उत्पन्नाच्या अटीत बसलं तर. सक्तीच्या चार्जमधून आलेल्या पैशांना ती नाही.

टॅब्लेटवर भरलेली टिप कुणाला जाते हेही विचारतात लोक. ती बहुतेक ठिकाणी सामाईक डब्यात जाते आणि वाटली जाते. डब्यातून मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी एक पैसाही घ्यायचा नाही, हे २०१८ पासून केंद्रीय कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. स्वयंपाकघराचं जरा विचित्र आहे. मालक वाढप्यांना ते कमी रोख वेतन देत असेल तर केंद्रीय कायद्याप्रमाणे आचाऱ्यांना त्या डब्यात वाटा देता येत नाही. सगळ्यांना पूर्ण किमान वेतन देत असेल तरच देता येतो. म्हणजे ज्याने पहाटे सहापासून पुऱ्या लाटल्या त्याच्यापर्यंत तुमची टिप पोचेलच असं नाही. मला हे अजून खटकतं. ज्यांना आचाऱ्याला काही द्यायचं असेल त्यांना मी म्हणतो, आत जाऊन त्याच्या हातात द्या आणि वडे चांगले झाले म्हणून सांगा. पैशांपेक्षा दुसऱ्या वाक्यावर तो जास्त वेळ हसतो.

रक्कम कशी काढली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला माझी गरज पडणार नाही. टक्के विसरा. किती माणसं किती वेळ बांधणार ते धरा आणि माणूस-तासाला २५ ते ३० डॉलर लावा. तुमचे तीन तास, म्हणजे ७५ ते ९०. पाऊस असेल, गाडीपर्यंत उचलून दिलं, ऐनवेळी वीस पानं वाढवली तर वरचे दहा-वीस. हे तुमच्या बिलाच्या सात-आठ टक्क्यांच्या आसपास बसतं. टॅब्लेटवरच्या २० टक्क्यांचे झाले असते २२८ डॉलर. ते दिलेत तर कुणी परत करणार नाही, पण वर्गणीच्या पैशातून ते देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. अमेरिकेत सगळेच सगळीकडे देतात हेही खरं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत बसून जेवल्यावर नेहमी किंवा बहुतेकदा टिप देतो म्हणणारे ९२ टक्के निघाले, आणि वाढपी नसलेल्या काउंटरवाल्या ठिकाणी फक्त १२. अर्थात पंचाहत्तर पानांचं पार्सल म्हणजे सँडविच उचलणं नव्हे. ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतं, म्हणून तर तुमचा गोंधळ झाला.

लहान पार्सलसाठी हे गणित मांडत बसू नका. दोन भाज्या आणि चार नान उचलले तर एक-दोन डॉलर ठेवा किंवा ठेवू नका, कुणी लक्षात ठेवत नाही. साधारण शंभर-दीडशेच्या वर गेलं की दहा टक्के सोपे पडतात. तीनशेच्या पुढे माणूस-तासाचा हिशेब लावा. आणि रेस्टॉरंटचा माणूस हॉलवर येऊन ट्रे मांडून, खाली बर्नर पेटवून देणार असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, ती वेगळी सेवा आहे, तिथे १५ टक्के द्यावेत असं माझं मत.

काकांचा ‘आपल्या लोकांचं नाव’ हा मुद्दा राहिला. खरं सांगू? टिपेवरून नाव खराब होत नाही. नाव खराब होतं बाराची वेळ देऊन पावणेदोनला येण्याने. गरम जेवण १३५ फॅरनहाइटच्या वर ठेवायचा नियम आहे, त्यामुळे तुम्ही उशीर केलात की ट्रे पुन्हा गरम कपाटात, वड्यांचं चामडं, आणि दुसऱ्या ऑर्डरचे ट्रे जमिनीवर ठेवता येत नाहीत म्हणून मुलं ते हातात धरून उभी. मागच्या वर्षी एक गृहस्थ दोन तास उशिरा आले, टॅब्लेटवर २२ टक्के दाबले आणि वडे मऊ पडलेत म्हणून पाच मिनिटं बोलले. त्यांच्या टिपेचं कुणाला कौतुक नव्हतं. उलट एका वयस्कर मावशी दरवर्षी हळदीकुंकवाला दीडशे लाडू नेतात, ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी येतात, स्वतःची यादी काढून ट्रे मोजतात आणि बांधणाऱ्या दोघांना वीस-वीस डॉलर देतात. त्यांची ऑर्डर आली की पोरं आपण होऊन म्हणतात, मी बांधतो.

खजिनदार म्हणून तुमच्या दोन अडचणी उरतात. रोख टिपेची पावती मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे कमिटीकडून आधीच ‘पॅकिंग-खुशाली, १०० डॉलरपर्यंत’ अशी ओळ मंजूर करून घ्या, आणि देताना मॅनेजरकडून बिलावर रक्कम लिहून सही घ्या. मी नेहमी करून देतो. कार्डावर दिलीत तरी चालेल. फरक इतकाच की बऱ्याच ठिकाणी कार्डावरची टिप पगाराबरोबर येते, रोख त्याच रात्री घरी जाते.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. टिप नेहमी कराआधीच्या रकमेवर बघायची, करावर टिप नसते. आणि मंडळ ना-नफा म्हणून नोंदलेलं असेल आणि तुमच्याकडे न्यू जर्सीचं एसटी-५ प्रमाणपत्र असेल, तर ते दाखवून आणि मंडळाच्याच चेकने किंवा कार्डाने पैसे भरून विक्रीकर वाचतो. तुमच्या स्वतःच्या कार्डाने भरलंत तर नाही. ६.६२५ टक्क्यांनी ११४० वर साडेपंचाहत्तर डॉलर होतात. बघा, पार्सल बांधणाऱ्यांचे पैसे जवळपास तिथेच निघाले, आता काका आणि यजमान दोघांनाही शांत करता येईल.

टॅब्लेटचं शेवटचं. ते चौकोन मालकाने नाहीतर सॉफ्टवेअरवाल्याने बसवलेले असतात, काउंटरवरच्या मुलीने नव्हे. तिला ते फिरवताना तुमच्याइतकंच अवघड वाटतं, म्हणून ती त्या क्षणी पेन शोधते किंवा मागे वळून प्रिंटरकडे बघते. तुम्ही ‘नो टिप’ दाबून हसत सांगा, ‘बांधणाऱ्यांना शनिवारी हातात देणार आहे.’ ती ते आत जाऊन सांगते. शनिवारी तुमचे ट्रे कोण बांधणार यावरून आत थोडी चढाओढही होईल.

आणि गाडी मोठी आणा. मागची सीट पाडून, खाली जुनी चादर अंथरून. कढीचा ट्रे मात्र सीटवर ठेवू नका, पुढच्या सीटसमोर पाय ठेवतो त्या सपाट जागेत ठेवा, आणि यजमानांना म्हणावं, ब्रेक जरा हळू.